चक्कर अपस्माराची आहे का? ईईजी काढताना आणि वाचताना

चक्करेसाठी ईईजीला (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपण्याच्या तपासणीला) पाठवलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एवढंच असतं: "चक्कर येते. फिट नाही ना, बघा." या ओळीत दोन अडचणी आहेत. 'चक्कर' या एका शब्दाखाली तीन-चार निरनिराळे त्रास येतात. आणि ईईजीवर अपस्मार सापडू शकतो, पण तो नाहीच असं सिद्ध करणं ईईजीला जवळपास कधीच जमत नाही. पुढचं सगळं नव्या ईईजी टेक्निशियनसाठी आणि न्यूरॉलॉजीत नुकतंच पाऊल टाकलेल्या डॉक्टरांसाठी आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनी वाचलं तरी हरकत नाही. तपासणीत काय होतं आणि का होतं, हे त्यांनाही कळेल.

आधी चक्कर उलगडा

रुग्णाला "चक्कर म्हणजे नेमकं काय होतं?" असं विचारा आणि गप्प बसा. "गरगरतं का?" असं सुचवलंत की तो "हो" म्हणणार. खोली फिरते किंवा आपणच फिरतोय, झुलतोय, एका बाजूला ओढले जातोय असं वाटत असेल तर ते व्हर्टिगो. उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणं, पाय लटपटणं, डोकं नुसतंच हलकं वाटणं हे वेगळं. अंधारी येऊन माणूस पडत असेल तर हृदयाचा विचार आधी करायचा, मेंदूचा नंतर.

अपस्मारात व्हर्टिगो का होतो? कानातल्या तोलाच्या इंद्रियाकडून येणारी माहिती मेंदूच्या पृष्ठभागावर एकाच ठिकाणी पोचत नाही. टेम्पोरल खंडाचा (मेंदूचा कानाजवळचा भाग) वरचा मागचा भाग, तो जिथे परायटल खंडाला (वरचा मागचा खंड) भिडतो तो सांधा आणि या दोन्हींच्या आत दडलेला इन्सुला, असं ते जाळं आहे. वाइल्डर पेनफिल्ड यांनी माँट्रियलमध्ये जाग्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना टेम्पोरल खंडाच्या वरच्या भागाला विजेचा सौम्य प्रवाह दिला, तेव्हा काहींना गरगरल्यासारखं वाटलं होतं. झटक्याचा उगम या जाळ्यात असेल किंवा झटका पसरत तिथे आला, तर कान ठणठणीत असूनही माणूस फिरतो. इन्सुला खोल आहे, हे आत्ताच लक्षात ठेवा. पुढे त्यावरूनच बरंच काही ठरतं.

मग वेळ विचारा. घड्याळाने मोजलेली नसेल तर "हातातला पेला खाली ठेवून खुर्चीवर बसेपर्यंत संपते का?" असं विचारा. कुशीवर वळताना किंवा मान वर करताना सुरू होऊन मिनिटाच्या आत थांबणारी चक्कर बहुधा कानातले कण सरकल्याची असते. तिथे ईईजी नको, डिक्स-हॉलपाइक चाचणी हवी: मान वळवून रुग्णाला झटकन आडवं करायचं आणि डोळे पाहायचे. मेनियरच्या, म्हणजे आतल्या कानाच्या, आजाराचा झटका २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत चालतो. व्हेस्टिब्युलर मायग्रेनचा (चक्कर आणणाऱ्या अर्धशिशीचा) ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत. दिवसच्या दिवस गरगरत असेल तर नसेची सूज किंवा मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक. अपस्माराची चक्कर बहुधा काही सेकंदांची, फार तर एक-दोन मिनिटांची, दर वेळी तंतोतंत तशीच, आणि मानेच्या हालचालीशी संबंध नसलेली असते.

एकट्या चक्करेच्या रूपात येणारा अपस्मार विरळा. म्हणून सोबतच्या लक्षणांची चौकशी करा: पोटातून वर काहीतरी चढल्यासारखं वाटणं, हे आधी घडून गेलंय असा भास, कानात गुणगुण किंवा आवाज, क्षणभर बोलता न येणं, ओठ चाटणं, कपडे चाचपडणं, नंतर काही मिनिटं गोंधळ, झोपेतून उठवणारे झटके. यातलं बरंचसं रुग्णाला आठवतच नसतं. घरच्यांना विचारा, आणि पुढच्या वेळी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. डोळे दिसतील असं जवळून. चांगल्या वीस सेकंदांच्या चित्रणातून कधीकधी तासभराच्या ईईजीपेक्षा जास्त कळतं.

इथेच एक सापळा. "कार्बामाझेपिन दिल्यावर चक्कर थांबली, म्हणजे अपस्मारच होता" हा निष्कर्ष कच्चा आहे. कानाच्या नसेवर रक्तवाहिनी टेकल्याने येणारी व्हेस्टिब्युलर पॅरॉक्झिमिया ही चक्करही सेकंदांची असते, दिवसातून अनेकदा येते आणि त्याच औषधाने थांबते.

बोलावण्यापूर्वी काय सांगायचं

आदल्या रात्री डोकं शाम्पूने धुवावं, तेल, जेल काही लावू नये. जेवून यावं. उपाशी राहून साखर उतरली की लहरी मंदावतात आणि भलताच गैरसमज होतो. झोपेतला ईईजी हवा असेल तर मोठ्या माणसाने रात्री साधारण चारच तास झोपावं, सकाळी चहा-कॉफी घेऊ नये आणि स्वतः गाडी चालवत येऊ नये.

औषधांची यादी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. चक्करेच्या रुग्णांना क्लोनाझेपाम, लोराझेपाम अशा गोळ्या सर्रास दिलेल्या असतात आणि रुग्ण त्यांना "चक्करेची गोळी" म्हणतो. या गोळ्या अपस्माराच्या खुणा दाबतात आणि रेकॉर्डभर वेगवान बीटा लहरी पसरवतात. त्या तपासणीसाठी परस्पर बंद करायला सांगू नका. अचानक बंद केल्याने आधी कधी न आलेला झटकाही येऊ शकतो. कोणती गोळी, किती, शेवटची कधी घेतली, हे रेकॉर्डच्या पहिल्या पानावर लिहा. बंद करायची की नाही ते तपासणीला पाठवणारे डॉक्टर ठरवतील.

इलेक्ट्रोड बसवणं

१९५८ साली प्रसिद्ध झालेली दहा-वीस पद्धत आजही पाया आहे. टेप घ्या. नाकाच्या मुळाशी भुवयांमधला खळगा म्हणजे नेझिऑन, डोक्यामागचं हाताला लागणारं टेंगूळ म्हणजे इनिऑन. समजा हे अंतर ३६ सेंटिमीटर आलं. त्याचे १० टक्के म्हणजे ३.६ वर एफपीझेड (ही आणि पुढची अशी नावं इलेक्ट्रोडच्या जागांची आहेत). मग २० टक्क्यांच्या, म्हणजे ७.२ सेंटिमीटरच्या उड्या: १०.८ वर एफझेड, १८ वर सीझेड, २५.२ वर पीझेड, ३२.४ वर ओझेड. एका कानापुढच्या खोलगट जागेपासून दुसऱ्या कानापर्यंत सीझेडवरून आडवं मोजा आणि तिथेही हेच गणित लावा. मग डोक्याभोवती घेर. तो ५४ भरला तर एफपीझेडपासून डावीकडे २.७ वर एफपी१, ८.१ वर एफ७, १३.५ वर टी७, १८.९ वर पी७, २४.३ वर ओ१. जुन्या यंत्रांवर टी७ला टी३ आणि पी७ला टी५ म्हणतात. नजरेच्या अंदाजाने लावू नका. एका बाजूचा इलेक्ट्रोड सेंटिमीटरभर सरकला की दोन्ही बाजूंच्या उंचीत फरक पडतो, आणि तो फरक कुणीतरी आजार म्हणून वाचतं.

चक्करेच्या रुग्णात नेहमीचे २१ पुरत नाहीत. टेम्पोरल खंडाचा खालचा भाग त्यांच्या नजरेबाहेर राहतो. एफ९, टी९, पी९ आणि उजवीकडे एफ१०, टी१०, पी१० असे सहा जोडा. हे वरच्या ओळीच्या खाली, कानाच्या पातळीवरून जातात. जास्तीची पंधरा मिनिटं लागतात आणि ती सार्थकी लागतात.

याशिवाय डोळ्यांसाठी दोन: डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून एक सेंटिमीटर बाहेर आणि एक खाली, उजव्याच्या बाहेर आणि एक सेंटिमीटर वर. दोन्ही एकाच संदर्भाला (ज्याच्याशी तुलना करायची त्या इलेक्ट्रोडला), म्हणजे एकाच कानाला किंवा कानामागच्या हाडाला जोडा. या तपासणीत हे दोन विसरलात तर पुढचं वाचन अंधारात होतं. छातीवर ईसीजीची लीडही लावा. चक्कर सुरू होताना नाडी थांबली किंवा बेफाम धावली, तर प्रश्नच बदलतो.

त्वचा घासण्याच्या जेलने जागा हलकेच साफ करा, रक्त निघेपर्यंत नव्हे. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. ढीगभर पेस्ट दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये ओघळली की त्यांचा पूल होतो, दोघांची वीज एक होते आणि त्या चॅनेलवर सपाट रेघ येते. ती सपाट रेघ 'शांत मेंदू' म्हणून नोंदली जाऊ शकते. इम्पीडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विजेला होणारा अडथळा, ५ किलोओहमच्या खाली आणा. सगळ्यांचा साधारण सारखा असणं हे एखाद्याचा फार कमी असण्याहून महत्त्वाचं. विजेच्या तारांची गुणगुण दिसली की लगेच ५० किंवा ६० हर्ट्झचा नॉच फिल्टर लावायचा मोह होतो. आधी सैल इलेक्ट्रोड शोधा. फिल्टर दोष झाकतो, काढत नाही.

रेकॉर्डिंग

सुरुवातीची मांडणी: संवेदनशीलता मिलिमीटरला ७ मायक्रोव्होल्ट, खालचा फिल्टर १ हर्ट्झ, वरचा ७०, सेकंदाला किमान २५६ नमुने. निव्वळ स्वच्छ रेकॉर्ड किमान २० मिनिटं. चक्करेच्या रुग्णात डुलकी धरून तास-दीड तास मिळवा. झोप लागण्याचा आणि हलक्या झोपेचा टप्पा सर्वांत फलदायी असतो. कॅमेऱ्यात चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलेलं असेल तर व्हिडिओचा उपयोग नाही.

तीन मिनिटं खोल श्वास घ्यायला लावा आणि नंतर दोन मिनिटं रेकॉर्ड चालू ठेवा. नुकताच हृदयविकाराचा झटका, स्ट्रोक किंवा मेंदूत रक्तस्राव झालेल्यांत, गंभीर फुप्फुसविकारात, सिकलसेलमध्ये आणि मोयामोयामध्ये (मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा आजार) हे करायचं नाही. खोल श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि निरोगी माणसालाही डोकं हलकं वाटतं, बोटांना मुंग्या येतात. लहरी मंदावतात आणि मोठ्या होतात, तेही सामान्यच. म्हणून "श्वास घेताना चक्कर आली" एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पण एक प्रश्न जरूर विचारा: "घरी येते तीच ही, की वेगळी?" उत्तर रुग्णाच्या शब्दांत टिपून ठेवा. दिव्याच्या लखलखाटाची चाचणी नेहमीप्रमाणे करा. चक्करेच्या प्रश्नात तिच्यातून क्वचितच काही हाती लागतं.

झटका खोलीतच आला तर

बटण दाबून खूण करा, पांघरूण बाजूला सारा, कॅमेऱ्याच्या आड येऊ नका. मग मोठ्याने, माइकवर ऐकू जाईल असं: "नाव सांगा." "डावा हात वर करा." "लक्षात ठेवा: लिंबू." कुठल्या बाजूला फिरतंय ते विचारा. डोळे उघडवून त्यांत पाहा. बुबुळं थरथरतात का, झटकन जाणारी हालचाल कुणीकडे आहे, ते बोलून सांगा. समोर पेन धरून त्यावर नजर ठेवायला लावा. कानातून आलेली थरथर नजर स्थिर केल्यावर बरीच मंदावते. झटका संपला की तो शब्द विचारा, दोन वस्तू दाखवून त्यांची नावं विचारा. पंधरा सेकंदांत यातलं निम्मंच होईल, तेही पुरे. अंग आखडून झटके सुरू झाले आणि पाच मिनिटांत थांबले नाहीत, तर रेकॉर्ड सोडा, तातडीचे उपचार सुरू करा.

डोळ्यांचा घोटाळा

नवे वाचक सर्वांत जास्त इथे चुकतात, आणि चक्करेच्या रुग्णांत तर हमखास. डोळा ही एक छोटी बॅटरी आहे: पुढचा पारदर्शक भाग धन, मागचा पडदा ऋण. माणसाने डावीकडे पाहिलं की डाव्या डोळ्याचं धन टोक एफ७च्या जवळ येतं आणि उजवीकडे एफ८ला ऋण बाजू मिळते. नेहमीच्या पुढून मागे जाणाऱ्या बायपोलर मॉन्टाजमध्ये (शेजारच्या दोन-दोन इलेक्ट्रोडमधला फरक दाखवणाऱ्या मांडणीत) डाव्या बाजूचे एफपी१-एफ७ आणि एफ७-टी७ हे दोन चॅनेल एकमेकांपासून दूर फाकतात, उजवीकडचे एफपी२-एफ८ आणि एफ८-टी८ एकमेकांकडे झुकतात. दोन्ही बाजूंना एकाच क्षणी उलट चित्र दिसलं की आधी डोळा आठवा.

चक्कर चालू असताना डोळे थरथरतात. बुबुळ एकीकडे हळू सरकतं, दुसरीकडे झटकन परततं. कागदावर त्याची करवत उमटते: एक उतार, एक सरळ कडा, सेकंदाला दोन-चार दाते. आता १ हर्ट्झचा फिल्टर तो उतार गोल करून टाकतो आणि करवत मेंदूच्या मंद, म्हणजे डेल्टा-थीटा, लहरींसारखी दिसू लागते. भरीला, डोळा बाहेर वळवणाऱ्या स्नायूची काही मिलिसेकंदांची टोकदार ठिणगी प्रत्येक झटकन हालचालीच्या तोंडाशी एफ७ किंवा एफ८वर उठते. ठिणगी आणि मागे हळू लाट: हुबेहूब स्पाइक-वेव्ह, अपस्माराची खूण! रुग्ण म्हणतोय "फिरतंय", पडद्यावर पुढच्या टेम्पोरल भागात तालबद्ध काहीतरी. रिपोर्टात झटका लिहून जातो, आणि माणसाला वर्षानुवर्षं गोळ्या.

सोडवायचं कसं? खालचा फिल्टर ०.३ हर्ट्झवर आणा, करवतीचे दाते स्पष्ट होतील. डोळ्यांच्या दोन लीड पाहा: आडव्या हालचालीत त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात, मेंदूतून आलेली लहर दोन्हींत एकाच दिशेने पडते. लहर मागे कुठवर पोचते ते पाहा: डोळ्याची एफ७च्या मागे झपाट्याने विरते, टेम्पोरल झटक्याची टी७-टी९पाशी सर्वांत मोठी असते. आणि वेळ: खरा झटका बदलत जातो. सेकंदाला सहा-सात लहरींनी सुरू होऊन तीन-चारवर येतो, उंची वाढते, शेजारी पसरतो आणि संपल्यावर त्या बाजूला काही काळ मंद लहरी राहतात. नुसत्या डोळ्यांच्या थरथरीत असा प्रवास नसतो. कण सरकल्याच्या चक्करेत थरथर वर्तुळाकार आणि वरखाली असते. ती एफ७-एफ८वर फारशी नाही, एफपी१-एफपी२वर उतरते.

दोन्ही एकत्रही असू शकतात. अपस्मारात डोळे थरथरतात तेव्हा झटकन हालचाल बहुधा झटक्याच्या उगमाच्या विरुद्ध बाजूला असते. म्हणून डोळा ओळखला की थांबू नका. त्याच्या मागचे चॅनेलही वाचा.

झटका नसताना काय शोधायचं

टोकदार लहर २० ते ७० मिलिसेकंदांची असेल तर स्पाइक, ७० ते २०० ची शार्प वेव्ह. पण टोक असणं पुरेसं नाही. चढ आणि उतार सारखा नसावा, मागे मंद लाट असावी, आजूबाजूचा ताल त्याने मोडावा, रुंदी भोवतालच्या लहरींहून वेगळी असावी, आणि शेजारच्या इलेक्ट्रोडवर ती मेंदूला शोभेल अशी पसरलेली असावी. एकाच इलेक्ट्रोडवर उठणारं टोक म्हणजे बहुतेक वेळा सैल इलेक्ट्रोड.

टेम्पोरल भागात तोतये फार. तिशीनंतर पेंगुळताना दिसणारे विकेट स्पाइक, ६ ते ११ हर्ट्झच्या कमानींची रांग. त्यातली एखादी सुटी कमान दिसली की फसगत होते. मागे मंद लाट नसणं ही ओळख. पेंगेतला तालबद्ध मध्य-टेम्पोरल थीटा, ५ ते ७ हर्ट्झचा. झोपेतले इवलेसे टोकदार स्पाइक, ५० मायक्रोव्होल्ट आणि ५० मिलिसेकंदांच्या आतले. हे तिन्ही निरोगी माणसांत आढळतात. वयस्कांत टेम्पोरल भागात अधूनमधून येणाऱ्या मंद लहरींनाही फार किंमत देऊ नका. याउलट एका टेम्पोरल बाजूला वारंवार येणारी तालबद्ध डेल्टा, १ ते ४ हर्ट्झची, गांभीर्याने घ्या. टेम्पोरल अपस्माराशी तिचं नातं घट्ट आहे.

संदर्भ कोणता, तेही पाहा. कान हा टेम्पोरल खंडाला लागूनच आहे. डावा स्पाइक डाव्या कानातही शिरतो, आणि कानाला संदर्भ धरलेल्या मॉन्टाजमध्ये टी७ जवळपास सपाट, बाकी सगळी डावी बाजू उलटी हलताना दिसते. तोच क्षण सीझेड किंवा सरासरी संदर्भावर परत पाहा.

काहीच सापडलं नाही तर

पहिल्या साध्या ईईजीत अपस्माराच्या साधारण निम्म्याच रुग्णांत खुणा दिसतात. झोपेसह पुन्हा काढल्यावर प्रमाण वाढतं. त्यातही चक्करेचा अपस्मार अवघड. डोक्याच्या त्वचेवर स्पाइक उमटायला मेंदूच्या पृष्ठभागाचे साधारण १० चौरस सेंटिमीटर एकदम पेटावे लागतात, आणि इन्सुला तर घडीत झाकलेला. शुद्ध न हरपता नुसती चक्कर येणारा झटका चालू असतानाही वरचं रेकॉर्ड बऱ्याच वेळा निर्दोष दिसतं. म्हणून: झटके वारंवार असतील तर व्हिडिओ ईईजीसाठी दाखल करणं, क्वचित असतील तर घरी नेण्याचं यंत्र आणि सोबत वेळ लिहायची डायरी, आणि अपस्मारासाठी ठरवलेल्या पद्धतीने एमआरआय. मेंदूत खोल इलेक्ट्रोड घालून ईईजी करतात ती शस्त्रक्रियेचा विचार असलेल्या निवडक रुग्णांत.

उलट बाजूही आहे. कधीच झटका न आलेल्या निरोगी प्रौढांतही हजारात पाचेक जणांच्या ईईजीत अपस्मारासारख्या खुणा सापडतात. कुशीवर वळल्यावर गरगरणाऱ्या माणसाच्या रेकॉर्डमध्ये एक शार्प वेव्ह सापडली तरी त्याची चक्कर कानाचीच राहते.

रिपोर्ट लिहिताना

"अपस्मार नाही" हे वाक्य लिहू नका, "चक्कर अपस्मारामुळे" हेही नाही, जोवर नेहमीची चक्कर रेकॉर्डमध्ये पकडलेली नाही. लिहा: किती मिनिटं, जाग आणि झोप किती, कोणती औषधं चालू, जादा टेम्पोरल आणि डोळ्यांच्या लीड होत्या का, खुणा असल्यास बाजू, जागा आणि किती वेळा. चक्कर आली असेल तर सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, रुग्णाचे शब्द, डोळ्यांची दिशा, नाडी, आणि त्या वेळी ईईजीत काय होतं. आली नसेल तर तसं स्पष्ट लिहा: "रेकॉर्डिंगदरम्यान नेहमीची चक्कर आली नाही."